स्वच्छ दूध प्रकल्प: आमच्या गोठ्यातल्या नोंदी, जून ते सप्टेंबर २०२४

१२ जून

लिहून ठेवायला सुरुवात करतेय, कारण डोक्यात ठेवलं की चार दिवसात सगळं एकमेकात मिसळतं. गोठा संगमनेर तालुक्यातला, १४ जनावरं, त्यातल्या ९ गाई दुधात, सगळ्या एचएफ (होल्स्टीन फ्रिजियन) संकरित, दोन टाईमचं मिळून ११० लिटरच्या आसपास दूध. फॅट ३.७, एसएनएफ (फॅट सोडून दुधातला बाकीचा घन भाग) ८.५, म्हणजे कागदावर आमचं दूध चांगलंच. पण मे महिन्यात उन्हाच्या कडाक्यात दूध संकलन केंद्रावर दोनदा आमचं दूध अल्कोहोल टेस्टला (दुधात अल्कोहोल मिसळून बघतात) फुटलं आणि कॅन परत आला. फॅट चांगली, एसएनएफ चांगला, पाणी नाही, भेसळ नाही, मग दूध फुटतं कसं? केंद्रावरचा केमिस्ट म्हणाला ताई, फॅट मशीनला जंतू दिसत नाहीत, एमबीआरटी लावून बघू.

एमबीआरटी म्हणजे साधी गोष्ट आहे. उकळून घेतलेल्या परीक्षानळीत १० मिली दूध, त्यात १ मिली मिथिलीन ब्लू, बूच लावून ३७ डिग्रीच्या कोमट पाण्यात उभी करायची. दूध आकाशी निळं दिसतं. दुधातले जंतू ऑक्सिजन खात जातात तसा निळा रंग जातो आणि दूध परत पांढरं होतं. जितक्या लवकर पांढरं तितके जंतू जास्त. ५ तास आणि वर टिकलं तर फार चांगलं, ३ ते ४ तास चांगलं, १ ते २ तास बरं, अर्ध्या तासात गेलं तर ते दूध म्हणायच्या लायकीचं नाही. आमचं पहिलं दीड तासात पांढरं झालं. ह्यांना सांगितलं तर म्हणाले, पांढरंच तर असतं दूध.

१५ जून

दीड तास हा आकडा नुसता बघून काही कळत नाही, घाण नक्की कुठं शिरते ते कळलं पाहिजे. म्हणून आज सकाळच्या धारेला चार ठिकाणचं दूध घेतलं. एक थेट सडातून, पहिल्या चार धारा टाकून देऊन. दुसरं बादलीतून. तिसरं गाळून कॅनमध्ये ओतल्यावर. चौथं केंद्रावर कॅन उघडल्यावर. चारी नळ्या एकदमच लावल्या.

सडातलं ५ तास झाले तरी निळंच. बादलीतलं ४ तासाच्या जरा आत. कॅनमधलं अडीच. केंद्रावरचं दीड. म्हणजे गाय दूध चांगलंच देते, त्याची वाट आम्ही लावतो, आणि सगळ्यात मोठी उडी बादली ते कॅन, जिथं मला काहीच सापडेल असं वाटलं नव्हतं कारण कॅन आत्या रोज स्वतः घासतात आणि त्यांच्या घासण्याला गावात नाव आहे.

मग कॅनच्या झाकणाचं रबर चमच्याच्या दांड्याने उचकटून काढलं. खाली खाचेत पिवळट, चिकट थर, नखाने ओढला की दोरीसारखा निघतो, आणि वास आंबट, शिळ्या ताकाला मागं टाकेल असा. रबर कधी कुणी काढलंच नव्हतं, काढायचं असतं हे माहीतच नाही, कॅन विकणारा पण सांगत नाही. आतून कॅन आरशासारखा चकचकीत आणि त्याच्या तोंडाशीच हे. रोज ताजं दूध ह्याच रबरावरून ओतलं जायचं. आत्यांनी वास घेतला आणि काही न बोलता रबर घेऊन चुलीकडं गेल्या, उकळत्या पाण्यात टाकलं.

१८ जून

धुण्याची पद्धत ठरली, भिंतीवर खडूने लिहिली.

दूध ओतून झालं की लगेच आधी कोमट पाणी, कडक नाही. एकदम उकळतं पाणी घातलं की दुधातलं प्रोटीन भांड्याला शिजून चिकटतं आणि मग ते कशानेच निघत नाही, आमच्याकडं वर्षानुवर्षं आधी उकळतं पाणीच ओतायचे आणि त्यालाच स्वच्छता समजायचे. कोमट पाण्यानंतर कॅन धुवायची पावडर आणि गरम पाणी, लांब दांड्याचा ब्रश, झाकणाचं रबर रोज काढून. तारेची घासणी बंद, ओरखडे पडतात आणि ओरखड्यात जंतू राहतात. शेवटी कडक पाणी, आणि कॅन पालथा. स्टँड म्हणून ह्यांनी जुन्या लोखंडी खाटेचा पाया कापून दिला, त्यावर कॅन, बादल्या, गाळणी सगळं पालथं, उन्हात. आधी कॅन धुऊन झाकण लावून सरळ ठेवायचे, तळात वाटीभर पाणी संध्याकाळपर्यंत, उबदार आणि अंधार, जंतूंना अजून काय पाहिजे.

बोअरचं पाणी जड आहे आमचं, त्यामुळं कॅनच्या तळाला पांढरट खरखरीत थर धरतो, त्याला दूधखडा म्हणतात. तो पावडरने जात नाही, आठवड्यातून एकदा अॅसिडवाला क्लीनर लागतो. कॉस्टिक सोडा लावायचा नाही, अॅल्युमिनियम खातो. पुढं कधीतरी स्टीलचे कॅन घ्यायचे, आत्ता नाही.

२२ जून

नुसतं रबर आणि धुणं बदललं आणि केंद्रावरचं दूध पावणेतीन तासावर. आत्या खूश, पण लगेच म्हणाल्या, "झालं ना मग आता? का अजून माझ्या मागं लागणार?"

लागणार होतेच. आज फडक्याचा विषय काढला. एका जुन्या धोतराच्या फडक्याने सगळ्या गाईंच्या कासा पुसल्या जातात, एकाच बादलीतल्या पाण्यात बुडवून पिळून. चौथ्या पाचव्या गाईपर्यंत ते पाणी चहासारखं होतं. एका गाईच्या सडाला दगडी (कासदाह) असेल तर तिचे जंतू ह्या फडक्याबरोबर अख्ख्या दावणीला फिरतात. मी म्हटलं आत्या, प्रत्येक गाईला वेगळं फडकं. त्या म्हणाल्या, "अगं इतकी फडकी धुणार कोण, तू?" मी हो म्हटलं. जुन्या सुती साड्या फाडून दोन ढीग केले, एक सकाळचा, एक संध्याकाळचा, वापरलेली सोड्यात उकळून उन्हात वाळवायची.

आणि कास धुवायची नाही. फक्त सड धुवायचे. अख्खी कास भिजवली की पाणी ओघळत सडाच्या टोकावर येतं आणि थेंब थेंब बादलीत पडतं, म्हणजे मांडीचं शेण, केस, माती सगळं दुधात. सड धुऊन कोरडे पुसायचे, कोरडे हा शब्द मी भिंतीवर दोनदा लिहिला.

पहिल्या धारा काळ्या कपात काढायच्या, जमिनीवर नाही. सडाच्या नळीत साचलेलं दूध सगळ्यात घाण असतं आणि काळ्यावर गाठी, पाणचट दूध, रक्ताची तार लगेच दिसते. कप विकत आणला नाही, काळी प्लॅस्टिकची वाटी.

२८ जून

सीएमटी, म्हणजे दगडी ओळखायची चाचणी, केली. चार कप्प्यांची पॅडल, प्रत्येक सडाचं थोडं दूध, तेवढंच औषध, गोल फिरवायचं. चांगलं दूध पाण्यासारखं फिरतं, दगडी लपलेली असेल तर जेलीसारखं घट्ट होऊन मधोमध गोळा होतं. हे औषध नसेल तर कपड्याच्या पावडरचं ३ टक्के पाणी पण चालतं, कारण खेळ सगळा दुधातल्या पांढऱ्या पेशींचा आहे, पावडर त्या पेशी फोडते आणि आतला चिकटपणा बाहेर येतो. निरोगी सडाच्या दुधात एका मिलीत २ लाखाच्या आत पेशी असतात, सडात जंतू शिरले की त्या वाढत जातात.

चांदीचा मागचा डावा सड, पूर्ण जेली. राणीचे दोन सड थोडे थोडे. कपिलीचा पुढचा उजवा संशयास्पद. बाकी स्वच्छ. वरून बघितलं तर एकीच्या पण कासेला सूज नाही, दूध पांढरंशुभ्र, चांदी तर सगळ्यात जास्त दूध देणारी. हीच सुप्त दगडी. उघडी दगडी झाली की अख्खं घर धावतं, डॉक्टर येतात, ही लपलेली रोज दूधही कमी करते आणि एसएनएफही खाते, आणि कुणाच्या खिजगणतीत नसते.

धार काढायचा क्रम बदलला. आधी दाराजवळची पहिली असा क्रम होता, म्हणजे चांदी पहिली. आता निरोगी पहिलारू आधी, मग बाकीच्या, राणी, कपिली आणि शेवटी चांदी. ह्याला एक पैसा लागत नाही, फक्त गाई दावणीला हलवाव्या लागतात आणि दोन दिवस त्या हंबरून डोकं उठवतात.

३ जुलै

१ तारखेपासून सरकारने गाईच्या दुधाला ३.५ फॅट ८.५ एसएनएफला ३० रुपये दर आणि वर ५ रुपये अनुदान सुरू केलंय. त्यासाठी कानाला टॅग पाहिजे, ऑनलाईन नोंद पाहिजे, बँक खातं जोडलेलं पाहिजे. ह्यांचा अख्खा दिवस त्यातच गेला.

पण मला वेगळंच खटकतं. दर फॅटवर, एसएनएफवर. जंतू किती ह्यावर आमच्याकडं काही नाही. शेजारचा शेण लागलेल्या हाताने धार काढतो आणि त्याला पण तोच दर. मग मी एवढं का करते, तर कॅन परत येत नाही म्हणून आणि सड वाचतो म्हणून. सड वाचला तर गाय वाचते, त्यात पैसा आहे, दरात नाही. स्वच्छ दुधाला लिटरमागं एक रुपया जरी जास्त मिळाला ना तर अख्ख्या गावाचं रबर एका आठवड्यात निघेल.

९ जुलै

मशीनचा दिवस. आमचं एका बादलीचं मिल्किंग मशीन आहे, भाऊजींनी घेतलेलं, त्यामुळं त्याबद्दल बोललं की भाऊजी जरा तापतात. व्हॅक्युमच्या काट्यावर ५२ किलोपास्कल दिसत होतं. मी म्हटलं भाऊजी, हे जास्त आहे, सडाचं टोक बघा, पांढरं कडं आलंय आणि खरखरीत झालंय. ते म्हणाले कमी केलं तर वेळ जास्त लागेल. ४४ वर आणलं. वेळ गाईमागं अर्धा मिनिट वाढला असेल नसेल.

खरी गोष्ट लायनर. रबरी लायनर, म्हणजे सडावर बसणाऱ्या कपातली नळी, साधारण २५०० दुहण्यांनंतर बदलायचे असतात. आमचं क्लस्टर (चार कपांचा संच) एकच, ९ गाई, दोन टाईम, दिवसाला १८ दुहण्या, म्हणजे साडेचार महिन्यात लायनर संपला. आमचे मशीन घेतल्यापासूनचे आहेत. एक काढून आतून बोट फिरवलं तर बारीक चिरा, आणि चिरांत दुधाचा थर, कॅनच्या रबराची धाकटी बहीण. नवीन सेट मागवला, भाऊजींनी स्वतःच पैसे दिले आणि लायनर बदलल्याची तारीख मशीनच्या झाकणावर मार्करने लिहिली.

अजून एक, सड धुतल्यावर मिनिटभरात पान्हा येतो आणि तो पाच सात मिनिटंच टिकतो. आमच्याकडं सगळ्या गाई एकदम धुऊन मग एकेक करत मशीन लावायचे, शेवटच्या गाईपर्यंत पान्हा उतरून जायचा, मग मशीन रिकामं ओढत बसायचं. आता एक धुवा, पुसा, लगेच लावा. संपलं की लगेच सड आयोडीनच्या कपात बुडवायचे. मेडिकलमध्ये मिळतं ते ५ टक्के पोव्हिडोन आयोडीन, त्यात सड फुटू नयेत म्हणून दहाला एक भाग ग्लिसरीन.

१७ जुलै

आषाढी. नाना पंढरपुरात. हे मावशीच्या गावी. धार, धुणं, केंद्र सगळं मी आणि आत्या. नमुना घेतला नाही.

२६ जुलै

पाऊस थांबायचं नाव नाही, परवापासून नुसतं धो धो. गोठ्यासमोर चिखल, गाई बाहेरून आल्या की पोटापर्यंत बरबटलेल्या. एमबीआरटी घसरून सव्वातीनवर आलं, चारच्या जवळ पोचलो होतो. मुक्त गोठ्याचा मोकळा भाग चांगला असतो पण पावसाळ्यात तिथं गाय बसली म्हणजे सड चिखलात.

धार झाल्यावर गाय लगेच बसता कामा नये. सडाचं तोंड धारेनंतर अर्धा पाऊण तास उघडं राहतं, तेवढ्यात ती शेणात बसली तर जंतूंना दार उघडंच. उपाय फुकटचा आहे, चारा धारेनंतर टाकायचा, गाय खायला उभी राहते. आमच्याकडं चारा धारेच्या वेळी टाकायची सवय, गाय शांत राहते म्हणून, पण कुट्टीची धूळ आणि मुरघासाचा (आंबवून साठवलेल्या हिरव्या चाऱ्याचा) वास दोन्ही दुधात जातात. मुरघासाचा वास तर असा बसतो की चहात कळतो. आता धारेच्या वेळी फक्त मूठभर पेंड, मुरघास नंतर.

बसायच्या जागेवर मुरूम टाकला, वर चुन्याची फक्की. कासेवरचे आणि मांडीच्या आतले केस कातरीने बारीक केले, राणीने लाथ घातली, मनगट सुजलंय.

४ ऑगस्ट

चांदीची दगडी उघडी पडली. सकाळी काळ्या वाटीत गाठी. डॉक्टर आले, सडात ट्यूब सोडली, इंजेक्शन दिलं, आणि ट्यूबच्या डब्यावर लिहिलेले दिवस होईपर्यंत तिचं दूध डेअरीला घालायचं नाही असं बजावून गेले. चारी सडांचं, फक्त एका सडाचं नाही, कारण औषध रक्तातून सगळीकडं फिरतं.

चांदीच्या मागच्या पायाला लाल चिंधी बांधली, तिची बादली वेगळी, मशीन लावायचं नाही, हाताने, आणि हात मुठीने, अंगठा मुडपून नाही. अंगठा मुडपला की सडाच्या आत इजा होते, तिथंच परत दगडी.

एक पाहुणे म्हणाले, "एवढ्या दुधात हिचं दहा लिटर गेलं तर कुणाला कळतंय." कळतं. एकच गाईचं औषधाचं दूध टँकरमध्ये गेलं तर त्याचं दही लागत नाही नीट, चीज बनत नाही, आणि पोटात गेलेलं औषध ते वेगळंच. आत्यांना पटावं म्हणून चांदीच्या दुधाला विरजण लावलं आणि शेजारी गौरीच्या दुधाला. सकाळी गौरीचं दही घट्ट, चांदीचं नुसतं पाणचट, कोपऱ्यात थोडं दाणेदार. आत्यांनी दोन्ही वाट्या पाहुण्यांच्या समोर नेऊन ठेवल्या.

डॉक्टरांना विचारून बाहेरून कोरफडीचा लेप पण चालू केला, २५० ग्रॅम कोरफड, ५० ग्रॅम हळद, १५ ग्रॅम चुना वाटून, एनडीडीबी (राष्ट्रीय डेअरी विकास मंडळ) हा लेप सुचवते. सूज उतरायला मदत झाली असं वाटतं, पण ट्यूब पण चालू होती, त्यामुळं श्रेय कुणाचं ते सांगता येत नाही.

१३ ऑगस्ट

केंद्रावर पोचायला वेळ लागतो हा मुद्दा राहिला होता. सडातून दूध निघतं तेव्हा ३७ डिग्री, त्या उबेत जंतू वीस तीस मिनिटात दुप्पट होतात. बीएमसीत (दूध थंड करायच्या मोठ्या टाकीत) गेलं की ४ डिग्रीला आणतात, मग जंतूंची वाढ मंदावते, ते मरत नाहीत हे लक्षात ठेवायचं. पण आमच्या घरापासून बीएमसीपर्यंत दूध गरमच. संध्याकाळी तर दुधाचा टेम्पो येईपर्यंत कॅन ओट्यावर.

जनावरांच्या पाण्याच्या हौदाशेजारी भाऊजींनी छोटा सिमेंटचा टाका केला, बोअरचं पाणी आधी त्यात येतं, मग हौदात जातं. कॅन गळ्यापर्यंत त्या पाण्यात, अधूनमधून स्वच्छ पळीने ढवळायचं, नायतर कडेचं गार आणि मधलं गरम. पाऊण तासात ३५ वरून २७ वर येतं. फ्रिज नाही, बर्फ नाही. त्या दिवशीचं केंद्रावरचं दूध ४ तास १० मिनिटं. आणि ताजं दूध आधी काढलेल्या गार दुधात ओतायचं नाही, सगळंच परत कोमट होतं, ह्यावरून माझी आणि ह्यांची थोडी झाली, कॅन दोन लागतात म्हणून.

एक गोष्ट केमिस्टने सांगितली ती इथं लिहून ठेवते. गार दुधावर एमबीआरटी लावली तर आकडा फसवा चांगला येतो, कारण थंडीत वाढणारे जंतू रंग हळू घालवतात. त्यामुळं बीएमसीच्या आकड्यावरून कुणी मिशीला पीळ देत असेल तर कोमट असताना घेतलेला नमुना विचारायचा.

२२ ऑगस्ट

सरकी पेंडेचं एक पोतं आतून हिरवट. पावसात पत्र्याखाली ठिबकत होतं. हे म्हणाले उन्हात घाला, वरचं काढून टाका. नाही. ती बुरशी पेंडेत अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार करते, गाईच्या पोटातून ते दुधात उतरतं, आणि दूध कितीही उकळा ते जात नाही. दुधासाठी एफएसएसएआयची (देशाच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाची) मर्यादा किलोला ०.५ मायक्रोग्रॅम, म्हणजे किती बारीक बघा. पोतं उकिरड्यात, मुरघासाच्या खड्ड्याचा वरचा काळा थर पण. पैशाचं दुःख झालं, नाही कशाला म्हणू. पोती आता लाकडी फळीवर, भिंतीपासून हातभर लांब.

२ सप्टेंबर

पोळा. बैल एकच जोडी उरलीये घरात, पण पोरांनी गाई पण रंगवल्या. गौरीच्या कासेपर्यंत गुलाबी ठिपके. संध्याकाळचं दूध वासरांना.

१० सप्टेंबर

परत सीएमटी. चांदी स्वच्छ, तो सड दूध कमी देतो आणि तेवढं आता राहणार. राणीचा एक सड अजून थोडा घट्ट. कपिली स्वच्छ. केंद्रावरचं दूध साडेचार तास, आता पावसाच्या दिवसात पण चारच्या खाली नाही. जूनपासून एक पण कॅन परत आला नाही. दर तोच.

साडेचारला अडकलंय ते पाण्यामुळं असा माझा अंदाज. धुऊन झालेल्या बादलीचं शेवटचं पाणी नळीत घेऊन त्यात उकळलेलं दूध घातलं आणि एमबीआरटी लावली तर ते पण रंग सोडतंय. म्हणजे धुतो तेच पाणी खराब. टाकीला झाकण नाही, शेवाळ, दोन वर्षं आतून कुणी बघितलेली नाही. टाकी रिकामी करून घासायची, हजार लिटरला साधारण ५ ग्रॅम ब्लिचिंग पावडर, अर्धा तास थांबून मग वापर. झाकण गवंडी करून देणार म्हणालाय पण गणपती उठल्याशिवाय तो हाताला लागत नाही, तोपर्यंत पत्रा आणि वर दगड.

कपिली नोव्हेंबरात व्यायला झाली, ६० दिवस आधी आटवायची (धार काढणं बंद करायचं) म्हणजे ह्याच आठवड्यात. आटवताना चारी सडात ट्यूब सोडायची आहे, डॉक्टरांना फोन केलाय. लायनर परत कधी बदलायचे त्याची तारीख भाऊजींनी कॅलेंडरवर आत्ताच गोल करून ठेवलीये, २३ नोव्हेंबर.